समाजकार्यासाठी डिझाइन: काम हातात घेण्यापासून ते सोपवण्यापर्यंत, टप्प्याटप्प्यानं

डिझाइन येतं, थोडा वेळ मोकळा आहे आणि आपली कला कुणाच्या तरी उपयोगी पडावी असं मनापासून वाटतं. एवढ्या भांडवलावर बरेच जण एखाद्या संस्थेला सांगून टाकतात, “तुमचं पोस्टर मी करून देतो.” रात्री जागून पोस्टर होतं. संस्थेतल्या सगळ्यांना आवडतं. आणि ज्याच्यासाठी ते केलं, तो माणूस त्याच्यासमोरून न थांबता निघून जातो.

मी हे बरीच वर्षं करतोय आणि माझी सुरुवातीची कामं अशीच वाया गेली. आता नवी मुलं त्याच खड्ड्यात पडताना पाहून राहवत नाही. त्यांच्या हातात कसब भरपूर असतं, क्रम मात्र उलटा असतो. आधी चित्र, मग रंग, मग उरलेल्या जागेत मजकूर, आणि सगळं झाल्यावर प्रश्न पडतो की हे वापरणार कोण. खाली तो क्रम सुलटा लावला आहे. टप्पे गाळू नका आणि मागचे पुढे करू नका.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे धागा सुटणार नाही. क्षयरोगाच्या तपासणीसाठी रुग्णाला एक डबी देतात. तीत त्यानं बेडका आणायचा असतो. पुष्कळ जण थुंकी आणतात. तोंडातली लाळ प्रयोगशाळेच्या कामाची नसते, छातीतून खोकून वर आलेला बेडकाच लागतो. नमुना वाया जातो, माणसाला दुसऱ्यांदा यावं लागतं आणि काही जण परत येतच नाहीत. त्यांचा आजार तसाच राहतो आणि घरातल्यांनाही धोका असतो. ही चूक टाळणारं एक छोटं कार्ड बनवायचं होतं.

## टप्पा १: आपला वेळ मोजा आणि काम लहान निवडा

आठवड्याला किती तास आणि किती आठवडे, हे कागदावर लिहा. लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्या वेळात बसेल एवढंच काम घ्या. उरलेला अर्धा वेळ भेटीगाठी, वाट पाहणं आणि दुरुस्त्या यांत जातो, यात मला आजवर अपवाद दिसलेला नाही.

संस्थेला “तुम्हाला काय हवंय?” असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: नवा लोगो, वेबसाइट किंवा ॲप. त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारा.

१. रोज लोकांना कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा तोंडानं सांगावी लागते?
२. कोणता फॉर्म लोक हमखास चुकीचा भरतात?
३. कोणता कागद झेरॉक्स काढून काढून पुसट झालाय?

तिसऱ्या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. जो कागद लोक वर्षानुवर्षं झेरॉक्स करत राहतात, तो खरोखर वापरात असतो. आमच्याही वेळी चर्चा लोगोवर चालली होती. मी हा प्रश्न विचारला तशी एका नर्सबाईंनी ड्रॉवरमधून एक पान काढलं. कडा काळ्या झालेल्या, अर्धी अक्षरं उडालेली, कोपऱ्यात कुणीतरी पेननं ‘सकाळी’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. ते बेडका कसा द्यायचा याच्या सूचनांचं पान होतं. त्या पेनच्या रेघा पाहिल्या आणि काम सापडलं.

सावध: पहिल्याच कामाला ॲप घेऊ नका. ॲप एकदा करून संपत नाही. फोनची प्रणाली बदलते, सर्व्हरचा खर्च चालू राहतो, तक्रारी येतात. दोन वर्षांनी ते कोण सांभाळणार याचं उत्तर नावानिशी मिळत नसेल तर ते सुरूच करू नका.

## टप्पा २: पैसे नसले तरी करार एक पान

फुकट कामात करार मागायला लोकांना संकोच वाटतो. पण घोंगडं भिजत पडतं ते फुकट कामातच, कारण ‘आता पुरे’ असं म्हणायचा हक्क कुणाचाच नसतो. एका पानावर एवढं लिहा:

- नेमकं काय देणार: किती कार्डं, कोणत्या भाषांत, कोणत्या आकारात.
- दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती. मी दोन ठेवतो.
- संस्थेच्या बाजूनं अंतिम होकार देणारी एकच व्यक्ती कोण.
- मजकुरातल्या माहितीची जबाबदारी कोणाची.
- काम पूर्ण झाल्यावर फाइल कोणाच्या मालकीची आणि ती कोणी, कुठं वापरायची.
- दोघांपैकी कुणाला मध्येच थांबावं लागलं तर हातातलं काम कसं सोपवायचं.

‘एकच व्यक्ती’ या ओळीवर अडून बसा. सात जणांची समिती असेल तर त्यांनी आपसात बोलावं आणि एकानं कळवावं. नाहीतर एक म्हणतो निळा, दुसरा म्हणतो हिरवा, आणि शेवटी जे होतं ते कुणालाच नको असतं.

काम विनामूल्य असलं तरी बाहेर त्याचं किती बिल झालं असतं, तो आकडा करारात लिहा आणि पुढं पूर्ण सवलत दाखवा. यात मोठेपणा मिरवण्याचा हेतू नाही. आकडा दिसला की संस्थेचे लोक भेटी वेळेवर घेतात आणि तयार झालेली वस्तू जपून वापरतात.

## टप्पा ३: सगळं काम एका वाक्यात लिहा

ही ओळ पूर्ण झाल्याशिवाय कोणतंही सॉफ्टवेअर उघडायचं नाही:

‘(कोण) हे (कुठं, केव्हा) पाहील आणि (नेमकी कोणती कृती) करेल.’

‘जनजागृती होईल’ हे उत्तर चालणार नाही. जागृती डोळ्यांना दिसत नाही, कृती दिसते. आमचं वाक्य असं झालं: ‘रुग्ण हे कार्ड सकाळी उठल्यावर, घरी, एकटा असताना पाहील आणि लाळेऐवजी छातीतला बेडका डबीत देईल.’

या एका वाक्यानं अर्धे निर्णय आपोआप झाले. माणूस घरी आहे, म्हणजे दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर तिथं पोचत नाही. एकटा आहे, म्हणजे शंका विचारायला कुणी नाही, तेव्हा कार्डानंच सगळं सांगायला हवं. नुकता उठलाय, चष्मा लावला नसेल, उजेड कमी असेल, म्हणजे अक्षर मोठं हवं. आणि कार्ड डबीच्या सोबतच घरी जायला हवं, म्हणून त्याचा आकार डबीच्या पिशवीनं ठरवला. कागद पुढं ओढून मी तिथंच पिशवीची मापं घेतली.

तपासा: तुमचं डिझाइन ज्या दारापर्यंत माणसाला नेणार आहे, ते दार उघडं आहे का? मदतीचा फोन नंबर छापायचा असेल तर सकाळी, दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः लावून पाहा. एका कामात मी दिलेल्या नंबरवर चार वेळा फोन केला आणि चारही वेळा नुसती रिंग वाजत राहिली. संकटात सापडलेला माणूस धीर गोळा करून फोन करतो. त्याला जर कुणी उत्तर दिलं नाही तर तो दुसऱ्यांदा कुठंच फोन करत नाही. नंबर सुरळीत चालू होईपर्यंत ते काम मी छापायला दिलं नाही.

## टप्पा ४: जागेवर जा आणि तासभर नुसतं बघा

कॅमेरा नको, सल्ले नकोत. बसा आणि बघा. उजेड कुठून येतो? लोकांच्या हातात काय असतं? पिशवी, लहान मूल, फाइल? किती अंतरावरून बघतात? भिंतीवर आधीच किती कागद आहेत? फोन कसले आहेत, स्क्रीनला तडा आहे का, बॅटरी वाचवायला उजेड कमी ठेवलाय का?

पोस्टर असेल तर वाचणारा जिथं उभा राहील तिथं उभं राहून बघा. ‘कुणाच्या नजरेत न येता इथं थांबता येतं का?’ हा प्रश्नही विचारा. लपवावा वाटणारा आजार किंवा घरातला छळ अशा विषयांवरच्या पोस्टरसमोर माणूस चारचौघांत थांबत नाही. तिथं एकांतात हाताळता येईल असं काहीतरी लागतं.

## टप्पा ५: मजकूर आधी, तोही साध्या कागदावर

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथं द्यावा. मजकूर पक्का नसताना केलेली मांडणी मोडावीच लागते.

त्या जुन्या पानावर पहिलं वाक्य असं होतं: ‘रुग्णाने मुखप्रक्षालन करून थुंकीचा नमुना संकलित करावा.’ हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की चूक रुग्णांची नव्हतीच. कागदावरच ‘थुंकी’ छापलेलं होतं आणि लोक सांगितल्याप्रमाणे थुंकी आणून देत होते. आम्ही मजकूर असा केला:

१. पाण्यानं चूळ भरा.
२. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहा.
३. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या.
४. छातीतून जोरात खोका. वर आलेला बेडका डबीत टाका. डबीला आतून हात लावू नका.
५. झाकण घट्ट लावा. हात धुवा.

प्रत्येक वाक्यात एकच काम. क्रियापद शेवटी आणि आज्ञार्थी. ‘करण्यात यावे’ कुठंही नाही.

मजकूर लिहिताना या चुका फार होतात:

- इंग्रजी पत्रकाचं शब्दशः भाषांतर. मूळ पत्रक बाजूला ठेवा आणि ते काम रोज करणाऱ्या माणसाला विचारा, “समोर कुणी आलं तर तुम्ही काय सांगता?” तो जे बोलेल ते लिहून घ्या. मजकुराचा पहिला खर्डा तोच.
- शब्द ‘सभ्य’ करण्याचा आग्रह. आमच्या एका बैठकीत ‘बेडका’ शब्द कानाला बरा वाटत नाही म्हणून काढायची सूचना आली. तो शब्द सोडला की सगळं कार्डच निरुपयोगी होतं, हे समजावायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास द्यावा.
- भीती घालणं. कवट्या, काळी फुप्फुसं, लाल अक्षरं पाहून माणूस नजर फिरवतो. काय होईल यापेक्षा काय करायचं ते सांगा.
- एकाच कागदावर पाच संदेश. संस्थेला हेही घालावंसं वाटतं आणि तेही. टप्पा ३ मधलं वाक्य पुढं ठेवा आणि त्याला न लागणारं सगळं काढा.

तपासा: आरोग्य, कायदा, पैसे यांविषयीचा मजकूर त्या विषयाच्या जबाबदार माणसाकडून लेखी मंजूर करून घ्या. तोंडी ‘ठीक आहे’ पुरत नाही. मंजुरीनंतर एक शब्द जरी बदलला तरी पुन्हा दाखवा.

## टप्पा ६: चित्र, फोटो आणि माणसाची संमती

इथं चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. इंटरनेटवर गेलेला फोटो परत आणता येत नाही, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी ठरवा की चेहरा लागतो का. बहुतेक वेळा लागत नाही. हात, वस्तू, जागा, रेखाचित्र यांनी काम होतं. आमच्या कार्डावर रेखाचित्रंच घेतली, कारण क्षयरोग झालेल्या माणसाला शेजारपाजारी काय सोसावं लागतं ते आम्ही ऐकलं होतं.

चेहरा लागतच असेल तर संमती खरी हवी. नुसती फॉर्मवरची सही म्हणजे संमती नव्हे. त्या माणसाला तयार होणारं डिझाइन नमुना म्हणून दाखवा: “तुमचा फोटो असा, या मजकुराशेजारी, या या ठिकाणी दिसेल. तुमच्या ओळखीचे लोकही तो बघतील.” मजकुराविना फोटो दाखवून घेतलेला होकार अपुरा आहे.

ज्या संस्थेकडून औषध, शिष्यवृत्ती किंवा निवारा मिळतो, तिला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. म्हणून उपचार करणाऱ्या व्यक्तीनं विचारू नये, दुसऱ्या कुणी विचारावं. ‘नाही म्हटलंत तरी तुमच्या मदतीत काही फरक पडणार नाही’ हे वाक्य मोठ्यानं सांगावं आणि विचार करायला एक रात्र द्यावी. नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. मूल असेल तर पालकांचा होकार हवाच, शिवाय मुलालाही त्याच्या भाषेत विचारायचं. मूल कॅमेऱ्यासमोर अंग चोरत असेल तर तो नकार समजा. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख तर कोणत्याही होकारानं उघड करायची नाही.

ओळख लपवताना फसू नका. चेहऱ्यावर चौकोनी ठिपक्यांचा पडदा टाकला की काम झालं असं वाटतं, पण अशा पडद्यामागचा चेहरा काही वेळा ओळखता येतो. अंगावरचा शर्ट, गोंदण, मागचं घर हेही माणूस ओळखीचा करून देतात. लपवायचंच असेल तर भरीव रंगाचा ठोकळा वापरा आणि सगळे थर एकत्र करूनच फाइल बाहेर काढा. पीडीएफमध्ये मजकुरावर काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो, हे कित्येकांना ठाऊक नसतं. फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही साठलेले असू शकतात. निवाऱ्यात राहणाऱ्या स्त्रीचा फोटो तसाच पाठवला तर निवाऱ्याचा पत्ताच दिल्यासारखं होतं. फाइल बाहेर देण्याआधी ही माहिती पुसा.

विकतचे आणि यंत्रानं बनवलेले चेहरे. स्टॉक फोटोच्या बहुतेक परवान्यांत संवेदनशील विषयांसाठी अट असते: फोटोतला माणूस मॉडेल आहे असं तिथंच लिहावं लागतं, काही विषयांना तर पूर्ण मनाई असते. परवाना वाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेला चेहरा ‘आमची लाभार्थी’ म्हणून कधीही दाखवू नका. उद्या कुणी विचारलं की ही बाई कोण, तर संस्थेकडे उत्तर नसेल, आणि मग संस्थेच्या खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

शोधात सापडलेलं चित्र फुकट असतं असं मानू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे काही अटींवर वापरायची मुभा आधीच देणारा परवाना असला तरी कोणता, ते बघा. काहींत श्रेय देणं पुरतं, काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते, काहींत बदल करायला. कुठून घेतलं, कोणता परवाना, कोणत्या तारखेला, हे एका तक्त्यात लिहीत जा.

## टप्पा ७: कच्चा आराखडा आणि पाच माणसं

काळ्या पेननं किंवा एकरंगी छापून आराखडा करा. रंग भरलेलं, चकचकीत काम दाखवलं की लोक दोष सांगायला कचरतात.

वेबसाइट आणि सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं, याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी २००० साली वापरणाऱ्यांच्या चाचण्यांबद्दल एक हिशेब मांडला होता: पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. तो पडद्यावरच्या मांडणीपुरता आणि एकसारख्या वापरकर्त्यांपुरता आहे. तुमचे वाचक दोन-तीन वेगळ्या गटांतले असतील, समजा म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं, तर प्रत्येक गटातले तीन-चार घ्या. संस्थेचे कर्मचारी यात धरायचे नाहीत. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

“आवडलं का?” हा प्रश्न विचारायचाच नाही. कागद हातात द्या आणि म्हणा, “यात काय करायला सांगितलंय, ते मला सांगाल?” मग गप्प बसा. समजावून सांगायची फार इच्छा होते, पण ती आवरा.

आमच्या चाचणीतल्या एक आजी बोट ठेवून वाचत होत्या. बोट पहिल्या दोन चित्रांवरून सरळ गेलं आणि तिसऱ्यावर थांबलं. ‘खोल श्वास घ्या’ दाखवायला मी उघडं तोंड आणि आत जाणाऱ्या तुटक रेघा काढल्या होत्या. आजी म्हणाल्या, “याला उलटी होतेय.” त्यांनी बोट पुढं नेलंच नाही. पुढच्या दोघांनीही तेच सांगितलं. मी ते चित्र काढून टाकलं आणि छातीवर हात ठेवून, खांदे वर उचललेला माणूस काढला. मग कुणी अडलं नाही.

चित्रांत हमखास घोटाळा करणाऱ्या गोष्टी: फुलीचं चिन्ह (काहींना ते ‘इथं खूण करा’ वाटतं), शरीराचा फक्त तुकडा, हवा किंवा वेदना दाखवणाऱ्या रेघा, आणि क्रम. चित्रं दोन ओळींत असली तर वाचायची सवय नसलेला माणूस वरून खालीही जाऊ शकतो. आकडे मोठे घाला किंवा सगळी चित्रं एकाच रांगेत ठेवा.

तपासा: पाचपैकी दोघे एकाच जागी अडले तर दोष कागदाचा आहे. बदला आणि नव्या माणसांना दाखवा.

## टप्पा ८: आता सॉफ्टवेअर उघडा

इथवर आलात तर मांडणी जवळजवळ ठरलेली असते. आता तांत्रिक गोष्टी.

फरक दिसू द्या. वेबवरच्या सुलभतेचे निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, साध्या आकाराच्या अक्षराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षराला ३ : १ एवढा उजेडाचा फरक मागतात. छापील कामालाही मी हेच धरतो. फिकट करड्यावर पांढरं अक्षर तुमच्या चांगल्या स्क्रीनवर छान दिसतं, उन्हात धरलेल्या जुन्या फोनवर दिसत नाही. फक्त रंगावर अर्थ सोपवू नका. लाल-हिरवा फरक न कळणारे लोक पुष्कळ असतात, म्हणून रंगासोबत शब्द किंवा आकार द्या.

देवनागरी सांभाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. दोन ओळींमध्ये अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. अधोरेखनही टाळा, तेही उकार कापतं. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांना चालणारा कंपोझर (अक्षरं जुळवण्याची सेटिंग) निवडला नसेल तर पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट पक्का करण्याआधी ‘खोकणाऱ्या, हृदय, दुर्लक्ष, कृत्रिम, शक्ती, क्लृप्ती’ हे शब्द टाइप करून बघा. ‘ऱ्या’ चुकीचा दिसला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का तेही पाहा. काही फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच ते येतात.

फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे सगळ्या संगणकांना अक्षरं सारखीच ओळखता येतील असा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर कचरा होऊन उघडतो आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त हे दोन्ही खुल्या परवान्याचे फॉन्ट संस्थेला बिनखर्च वापरता येतात.

चित्रात मजकूर कोंडू नका. फोनवर पाठवायच्या चित्रासोबत तोच मजकूर संदेशात टाइप करूनही द्या. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तो ऐकता येतो, आणि इतरांना कॉपी करता येतो. मेसेजिंग ॲपमधून चित्र पाठवलं की त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि बारीक अक्षर फुटतं. म्हणून स्वतःला एकदा पाठवा, तिथून दुसऱ्याला पुढं ढकला आणि तिसऱ्या फोनवर उघडून वाचा.

क्यूआर कोड. चारही बाजूंनी कोडाच्या चार लहान चौकोनांएवढी मोकळी जागा सोडा. किती अंतरावरून स्कॅन करायचा, त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढा कोड हवा: एक मीटरला दहा सेंटिमीटर. कोडाखाली साधा पत्ता किंवा नंबरही छापा, कारण कित्येकांना स्कॅन करता येत नाही. लिंक लहान करणारी मोफत सेवा बंद पडली तर छापलेले सगळे कोड मरतात, तेव्हा संस्थेच्या स्वतःच्या पत्त्याचाच कोड करा.

छपाई. एक प्रत काढा, तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. तीही वाचता आली पाहिजे. संस्थेत पुढं हेच होणार आहे आणि आपलं काम त्यातून तगायला हवं.

## टप्पा ९: सोपवणं

चांगली कामं इथं मरतात. डिझाइनर निघून जातो, नंबर बदलतो, फाइल कुणाला उघडत नाही आणि संस्था पुन्हा जुन्या झेरॉक्सकडे वळते.

सोपवताना एका फोल्डरमध्ये एवढं द्या: छपाईची पीडीएफ, फोनवर पाठवायचं चित्र, बदलता येणारी मूळ फाइल, फॉन्ट आणि त्यांचे परवाने, चित्रांचा तक्ता, संमतीपत्रांची यादी. संमतीपत्रं मात्र वेगळी आणि कुलपात, त्यांत नावं असतात. संस्थेकडे महागडं सॉफ्टवेअर नसेल तर मूळ फाइल त्यांच्याकडच्या साधनात बनवा, भले तुम्हाला ते साधन आवडत नसेल. कार्डातला फोन नंबर आणि तारीख त्यांना स्वतःला बदलता आली की मी सोपवणं पूर्ण झालं असं मानतो. मी शेजारी बसतो, माउस त्यांच्या हातात देतो आणि नंबर बदलून, पीडीएफ काढून दाखवायला सांगतो.

सावध: वेबसाइट, सोशल मीडिया किंवा डिझाइनच्या साधनाचं खातं तुमच्या खासगी ईमेलवर कधीच उघडू नका. सुरुवातीलाच संस्थेच्या ईमेलवर उघडा.

## टप्पा १०: मोजा आणि परत जा

लाइक मोजू नका. टप्पा ३ मधल्या वाक्यातली कृती मोजा. कार्ड देण्याआधीच्या महिन्यात किती नमुने लाळेचे म्हणून परत गेले, आणि कार्ड दिल्यानंतरच्या महिन्यात किती? प्रयोगशाळेच्या वहीत ही नोंद बहुधा असतेच, मात्र कार्ड वाटण्याआधीच ती मागून ठेवा. मागचे आकडे नंतर मिळत नाहीत. फरक दिसला तरी तो सगळा कार्डाचाच असेल असं नाही. त्याच महिन्यात नवी, समजावून सांगणारी नर्स आली असेल. तेही लिहा.

सहा आठवड्यांनी जागेवर जा. कार्ड पिशवीत जातंय का, की गठ्ठा कपाटात आहे? आमच्या पहिल्या फेरीत गठ्ठा कपाटातच होता, कारण डब्या एका खोलीत होत्या आणि कार्डं दुसऱ्या. डब्यांच्या खोक्यातच कार्डं ठेवायला लागल्यावर प्रश्न मिटला. डिझाइनमध्ये एक रेघही बदलावी लागली नाही.

स्वतःच्या पोर्टफोलिओत काम टाकायचं असेल तर संस्थेची परवानगी घ्या आणि माणसांचे फोटो काढून टाका. त्यांनी संमती संस्थेच्या कामाला दिली होती, तुमच्या पोर्टफोलिओला नव्हे.

शेवटची एक गोष्ट छापण्याआधीच करून ठेवायची असते: प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात महिना, वर्ष आणि आवृत्तीचा आकडा घाला, लहान पण वाचता येईल असा. नंबर किंवा सूचना बदलली की कोणत्या प्रती काढून टाकायच्या ते त्यावरून कळतं. त्या काढायचं काम कुणाचं, त्याचं नाव सोपवण्याच्या कागदावर लिहून घ्या.